अडलेलं नववं प्रकरण

पत्र थोडक्यात असं आहे. पत्रलेखिका पंचेचाळिशीच्या आहेत आणि टोपणनावाने प्रेमकादंबऱ्या लिहितात. अकरा वर्षांत सात कादंबऱ्या झाल्या, वाचक जोडला गेला आहे, प्रकाशक आठवीची वाट पाहत आहेत. ती मात्र आठ प्रकरणं झाल्यावर अडली. चार महिने झाले, नववं प्रकरण लिहून होत नाही. आतला झराच आटला, असं त्यांना वाटतं. संसाराला वीस वर्षं झाली. नवरा भला आहे, पण बोलका नाही. "माझ्याच आयुष्यात प्रेम असं उरलेलं नाही, तर कागदावर कुठून आणू?" हा त्यांचा प्रश्न. नवऱ्याने एकदा त्यांची चार पानं वाचली आणि "असं कुणी बोलतं का?" एवढंच विचारलं, ते त्यांना फार लागलं. अशात एका जुन्या मैत्रिणीने स्वतःच्या आयुष्यातली एक गोष्ट विश्वासाने सांगितली आणि ती ऐकता ऐकताच त्यांना अख्खी कादंबरी डोळ्यांसमोर दिसली. नावं, ठिकाणं, व्यवसाय बदलून ती लिहावी का? मैत्रिणीला विचारलं तर ती नाही म्हणेल याची त्यांना खात्री आहे. की प्रेमकथा लिहिणंच आता थांबवावं?

तुमचं पत्र सात पानी आहे. त्यातली अडीच पानं मैत्रिणीच्या गोष्टीची आहेत आणि वरच्या सारांशात मी ती पूर्ण गाळली आहेत. का, ते पुढे सांगते. आधी कादंबरीबद्दल बोलू, कारण खरा गुंता तिथे आहे आणि तुम्ही समजता त्यापेक्षा तो बराच लहान आहे.

पत्राच्या तिसऱ्या पानावर तुम्ही जाता जाता लिहिलंय, "आठव्या प्रकरणात तो तिला मनातलं सांगतो, ती हो म्हणते, इथवर छान जमलं होतं." आणि बेत वीस प्रकरणांचा आहे. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. तुमच्या नायक-नायिकेमध्ये जे काही आडवं येत होतं ते आठव्या प्रकरणात संपलं. आता दोघं सुखात आहेत, त्यांना एकमेकांकडून काही मिळवायचं राहिलेलं नाही, आणि तुम्हाला अजून बारा प्रकरणं भरायची आहेत. अशा वेळी लेखणी थांबली तर तिचं काय चुकलं? मला तर वाटतं, तुमच्यातल्या अनुभवी लेखिकेला पुढे रस्ता नाही हे आधी कळलं आणि तिने पाऊल उचलायचं नाकारलं. मग चार महिने तुम्ही तिला बोल लावत बसलात.

प्रेमकादंबरी उघडणाऱ्या वाचकाला शेवट गोड होणार हे पहिल्या पानापासून ठाऊक असतं. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेने या प्रकाराची व्याख्या करताना दोनच अटी घातल्या: कथेच्या केंद्रस्थानी प्रेम हवं आणि शेवट मनाचं समाधान करणारा, आशेचा हवा. म्हणजे दोघं एकत्र येतील की नाही यात फारशी उत्कंठा नसतेच. उत्कंठा असते ती कसे येतील, आणि येण्यासाठी त्यांना स्वतःमधलं काय सोडावं लागेल, याची. बाहेरचा अडसर, म्हणजे अंतर, पैसा, घरच्यांचा विरोध, एका घटनेने दूर होतो. आतला अडसर, लाज, अहंकार, स्वतःबद्दलचा एखादा जुना गैरसमज, प्रेमाची कबुली दिल्यानंतरही तसाच उरतो. तुमच्या आठ प्रकरणांत होता तो सगळा बाहेरचा.

दोन जुनी पुस्तकं हातात घेऊन बघा, आणि या वेळी कथेसाठी न वाचता प्रकरणं मोजत वाचा. जेन ऑस्टिनच्या १८१३ च्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये ६१ प्रकरणं आहेत. नायक पहिल्यांदा मागणी घालतो ३४व्या प्रकरणात, साधारण मध्यावर, आणि नायिका ती धुडकावते. पुढच्याच प्रकरणात तो तिच्या हातात एक लांब पत्र ठेवतो, आणि उरलेलं अर्धं पुस्तक ते पत्र तिच्या मनात काय उलथापालथ करतं यावर चालतं. शार्लट ब्राँटीची १८४७ ची 'जेन एअर' ३८ प्रकरणांची. तिथे २३व्या प्रकरणात मागणी येते आणि नायिका हो म्हणते, अगदी तुमच्यासारखंच. पण २६व्यात लग्नाच्या वेदीपाशीच ते लग्न मोडतं, कारण नायकाने एक गोष्ट लपवलेली असते. आणि वाचक ती चाहूल कितीतरी आधीपासून, घराच्या वरच्या मजल्यावरून येणाऱ्या हसण्यातून, ऐकत आलेला असतो.

तुमच्यापुढेही हेच दोन रस्ते आहेत. एक तर आठव्या प्रकरणातला होकार मागे घ्या, तिला नाही म्हणू द्या, आणि का नाही म्हणाली ते तिचं तिलाही नीट सांगता येऊ नये. किंवा होकार राहू द्या, पण दोघांपैकी एकाने काहीतरी दडवलेलं असू द्या. दुसरा रस्ता घेतलात तर पहिल्या आठ प्रकरणांत मागे जाऊन तीन-चार ठिकाणी त्याची बीजं पेरावी लागतील, नाहीतर वाचकाला फसवल्यासारखं वाटेल. मी तुमच्या जागी असते तर पहिला घेतला असता. तुमच्या नायिकेला लहानपणापासून कुणाचं ओझं व्हायची भीती आहे, असं तुम्हीच लिहिलंय. तशी बाई इतक्या सहज हो म्हणेल हे मला पटत नाही.

आता त्या वाक्याकडे येते, "माझ्याच आयुष्यात प्रेम उरलेलं नाही, तर कुठून आणू?" प्रेमकथा लिहिणाऱ्याने सतत कुणाच्या तरी प्रेमात असायला हवं, हा समज वाचकांचा आहे. कार्यक्रमांत "हे तुमच्या आयुष्यातलं का हो?" असं विचारतात तो हाच. त्यांनी विचारणं स्वाभाविक आहे. तुम्ही मात्र तो समज उचलून स्वतःला लावून घेतलात.

ऑस्टिनने कधीच लग्न केलं नाही. १८०२ च्या डिसेंबरात एक मागणी तिने संध्याकाळी स्वीकारली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मागे घेतली. तिची बाकीची उमर भावंडांत आणि घरच्या गोतावळ्यात गेली. पण मला जास्त सांगावीशी वाटते ती इंग्रज कादंबरीकार दाफ्ने द्यू मोरिएची गोष्ट, कारण तिची परिस्थिती तुमच्या बरीच जवळची आहे. लग्न झालेलं, मुलं, नवरा सैन्यात अधिकारी. १९३७ साली त्याच्या नेमणुकीमुळे ती इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाला होती. उन्हाने वैतागलेली, घराच्या आठवणीने व्याकूळ. तिथे तिने एका कादंबरीचे सुमारे १५,००० शब्द लिहिले आणि फाडून टाकले. मग पुन्हा सुरुवात केली. त्या लेखनामागे प्रेमाचं भरतं वगैरे काही नव्हतं. होती ती असूया: नवऱ्याचं आधी एका मुलीशी लग्न ठरलेलं होतं, आणि ती मुलगी त्याच्या मनात अजून असेल का, हा सल. त्या सलाला तिने दूर राहिलेल्या घराची ओढ जोडली आणि १९३८ मध्ये 'रिबेका' आली. लोक तिला प्रेमकथा म्हणत राहिले, ती स्वतः मात्र असूयेची कथा म्हणत असे.

म्हणून मी तुम्हाला विचारते, गेल्या वर्षभरात तुम्हाला सगळ्यात तीव्रपणे काय वाटलं? प्रेम नसेल वाटलं, ठीक आहे. पत्रात मला राग दिसतो, नवऱ्याच्या त्या एका वाक्यावरचा. मैत्रिणीबद्दल थोडा हेवा दिसतो, तिच्या आयुष्यात काहीतरी घडलं याचा. आपण दिसेनासे होत चाललोय ही भीती दिसते. नायिकेला द्यायला हे सगळं उत्तम साहित्य आहे, आणि त्यासाठी कुणाची परवानगीही लागत नाही.

आणखी एक. पत्रात तक्रारीच्या भरात तुम्ही लिहून गेलात, "मी रात्री लिहीत बसले की हा काही विचारत नाही, बोलत नाही, कडी न वाजवता दार ओढून घेतो आणि झोपतो." कडी न वाजवता. दाराची कडी आवाज न करता धरायची म्हणजे एका हाताने ती उचलून ठेवावी लागते, दुसऱ्या हाताने दार हळूहळू ओढावं लागतं, आणि शेवटच्या बोटभर फटीला श्वास रोखावा लागतो. झोपेला आलेला माणूस हे आपसूक करत नाही, मनात धरावं लागतं. तुमचा संसार कसा आहे हे मला ठाऊक नाही आणि एका कडीवरून मी तसं काही सांगणारही नाही. कदाचित त्याला फक्त आवाज सहन होत नसेल. पण तुमच्या नायकाला हे करायला लावा. पहिल्या प्रकरणात तो दार धाडकन लावून जाणारा असू द्या, आणि बाराव्यात त्याला कडी उचलून धरताना तिला दिसू द्या. वाचक त्या परिच्छेदापाशी थांबेल.

"असं कुणी बोलतं का?" हे मी तुमच्या नवऱ्याच्या बाजूने बघितलं. सोबत पाठवलेल्या पानावर तुमचा नायक पावसात उभा राहून सलग नऊ वाक्यं बोलतो. सगळी सुंदर आहेत. पण नवव्या वाक्यापर्यंत मला तो दिसेनासा झाला, फक्त वाक्यं ऐकू येत राहिली. त्या प्रश्नात तुम्हाला तुमच्या प्रेमाच्या कल्पनेची हेटाळणी ऐकू आली. मला त्यात एका सरळ वाचकाची अडचण ऐकू येते. करून बघा. तीच जागा, तोच पाऊस. ती विचारते, "मग मी निघू?" तो बराच वेळ काही बोलत नाही. मग म्हणतो, "छत्री ने." ती म्हणते, "तुझं काय?" तो म्हणतो, "मी थांबणारच आहे." नऊ वाक्यांतलं सगळं त्या दोन तुटक उत्तरांत येतं की नाही, तुम्हीच ठरवा. आणि जमलं तर हे नवं पान त्यांना वाचायला द्या. कौतुकाची अपेक्षा न ठेवता, फक्त "हे बोलतात का असं?" एवढं विचारा. घरात असा कान असलेला वाचक मिळायला भाग्य लागतं.

आता मैत्रीण.

तुम्ही विचारलंय, लिहू का? माझं उत्तर नाही असं आहे. निदान आज तरी नाही. ती अडीच पानं मी गाळली, कारण हे सदर तिच्याही वाचनात येऊ शकतं. नाव नव्हतं, गाव नव्हतं, तरी त्या दोन-तीन तपशिलांवरून तिने स्वतःला एका क्षणात ओळखलं असतं. तुम्हीही लक्षात घ्या, तिची गोष्ट तुम्ही एकदा सांगून बसला आहात. मला. दोष देत नाही. सल्ला मागताना सगळं सांगावंसं वाटतं. पण तिची गोष्ट तुमच्या हातून किती सहज निसटली, ते पाहा.

हे मी बाहेर उभी राहून सांगत नाहीये. पुष्कळ वर्षांपूर्वी मी माझ्या एका नात्यातल्या बाईचं दुःख एका कथेत वापरलं. नाव बदललं, वय बदललं, तिच्या दोन मुलींच्या जागी एक मुलगा केला. एका मासिकात ती छापून आली, लोकांना आवडली. ती मला त्याबद्दल एक शब्दही बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती आजही भेटते, हसते, प्रकृती विचारते. पण त्यानंतर तिने मला स्वतःबद्दल कधीच काही सांगितलं नाही. त्या कथेतल्या एका ओळीसाठी, जी तिने रडता रडता म्हटली होती आणि मी जशीच्या तशी उचलली होती, माझी मान आजही खाली जाते.

नाव-गाव बदलणं पुरेसं नसतं, कारण माणूस स्वतःला नावावरून ओळखत नाही. तो ओळखतो एखाद्या वाक्यावरून, एखाद्या वस्तूवरून, घटना कुठल्या क्रमाने घडल्या त्यावरून. "विचारलं तर ती नाही म्हणेल, म्हणून विचारत नाही," असं तुम्ही लिहिता. म्हणजे तिचं उत्तर तुम्हाला आधीच मिळालेलं आहे. आणि तिने तुम्हाला पत्रं दाखवली, त्यांचे फोटो तुमच्या फोनमध्ये आहेत, ते आजच काढून टाका. पत्राचा कागद ज्याला मिळाला त्याचा असला तरी त्यातल्या मजकुरावर सहसा हक्क असतो तो लिहिणाऱ्याचा. इथे तर तिसऱ्याच माणसाचे शब्द आहेत, आणि त्याला यातलं काहीच माहीत नाही.

पण ती गोष्ट ऐकताना तुमच्या आत काहीतरी हललं, ते खोटं नव्हतं. ते वाया घालवू नका. एका कागदावर लिहून काढा, की ऐकताना नेमक्या कुठल्या क्षणी तुमचे हात शिवशिवले. माझा अंदाज आहे की तो क्षण तिच्या आयुष्यातल्या मोठ्या घटनेचा नसणार. एखादा माणूस इतकी वर्षं काही न बोलता कसा राहू शकतो, अशा एखाद्या प्रश्नाचा असणार. तो प्रश्न तुमचा आहे. त्याला तुमच्या ओळखीची वेगळी माणसं द्या, वेगळं वय द्या, शेवट उलटा करा. ते करताना मैत्रिणीची गोष्ट आपोआप गळून पडली तर तुम्हाला हवं ते सापडलं असं समजा. आणि ती गळूनच पडत नसेल, प्रत्येक वळणावर तिचीच घटना लागत असेल, तर तुम्हाला कादंबरी सुचलेली नाही, तिची कहाणी आवडली आहे.

यात काळाचाही भाग आहे. शार्लट ब्राँटीचं ब्रुसेल्समधल्या आपल्या विवाहित शिक्षकांवर मन जडलं होतं. १८४४-४५ मध्ये तिने त्यांना लिहिलेली व्याकूळ पत्रं पुढे १९१३ मध्ये, त्या प्रकरणातलं कुणीही हयात नसताना, छापली गेली. तो अनुभव ताजा असताना त्याच्या आधाराने तिने जी पहिली कादंबरी लिहिली ती एकामागून एक प्रकाशकांनी परत पाठवली. तिच्या मृत्यूनंतर १८५७ मध्ये ती निघाली. ब्रुसेल्स तिने पुन्हा हातात घेतलं ते १८५३ च्या कादंबरीत, तिथून परतल्याला नऊ वर्षं झाल्यावर, आणि तेव्हा ते साधलं. हा तर तिचा स्वतःचा अनुभव होता. दुसऱ्याच्या अनुभवाला त्याहून अधिक वेळ द्यायला हवा. काही वर्षांनी तुमच्या मैत्रिणीला स्वतःलाच वाटेल, हे कुणीतरी लिहावं. तेव्हा ती तुम्हालाच सांगेल, किंवा स्वतः लिहील.

रोजच्या बसण्याबद्दल थोडंसं, कारण अशी पत्रं इतरही लिहिणाऱ्यांकडून येतात. प्रेरणा आली की बसू, असं ठरवून बसणाऱ्यांचे महिने जातात. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप टपालखात्यातली नोकरी सांभाळून पहाटे लिहायचा आणि समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला २५० शब्द मोजायचा. प्रेमकादंबऱ्या लिहिणाऱ्या अमेरिकेतल्या नोरा रॉबर्ट्सने १९७९ मध्ये बर्फाच्या वादळात दोन लहान मुलांसह घरात अडकलेली असताना लिहायला घेतलं, आणि तिचं पहिलं पुस्तक १९८१ मध्ये आलं. आपल्याकडे ना. सी. फडक्यांनी १९३१ मध्ये लेखनतंत्रावर पुस्तक लिहिलं, त्याचं नावच 'प्रतिभासाधन'. त्यांच्या सगळ्या मतांशी मी सहमत नाही, पण प्रतिभेलाही साधना लागते हे मला पुरेपूर पटतं. तुम्ही मात्र २५० चा आकडा धरू नका, तुम्हाला त्याचा धसका बसेल. चार महिन्यांच्या खंडानंतर रोज पाऊण तास पुरे. पहिले दोन आठवडे कादंबरीला हात न लावता नायिकेने नायकाला लिहिलेली, न पाठवायची पत्रं लिहा. ती त्याला काय सांगू शकत नाही, ते तिथे सापडेल. आणि जवळ एक वही ठेवा, कड्या, छत्र्या अशा वस्तू टिपायला. माणसांच्या गोष्टी तिच्यात नकोत. हात काय करतात, बोलता बोलता कुणी कुठे थांबतं, एवढंच टिपा.

लिहिणं थांबवायचं का, या प्रश्नाला मी जागा ठेवली नाही, कारण तुम्ही तो मनापासून विचारलाय असं मला वाटत नाही. सात पानांच्या पत्रात तुम्ही नायिकेच्या आवाजाबद्दल दीड पान लिहिलंय, आणि ते पत्रातलं सगळ्यात जिवंत पान आहे.

राहता राहिले प्रकाशक. मुदतवाढ मागायची असेल तर या आठवड्यातच मागा. हस्तलिखित द्यायच्या तोंडावर आलेली विनंती कुणालाच आवडत नाही. झरा आटल्याचं वगैरे त्यांना कळवू नका. आठवं प्रकरण पाडून नव्याने लिहिते आहे, नववं आणि दहावं अमुक तारखेला पाठवते, इतकं पुरे. तारीख मात्र स्वतःला झेपेल अशीच द्या.